सुताचा गुंडा आणि जुनी डिक्शनरी: सोलापुरात बसून इंग्रजीच्या मुळाशी कसं जायचं

चोरीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले आहेत.’ इंग्रजी पेपरात त्याच जागी ‘क्लू’ हा शब्द येतो. क्लू म्हणजे सुगावा, हे आपण शाळेत पाठ केलं आणि पुढे गेलो. मीही तसाच पुढे गेलो होतो. मग एका संध्याकाळी सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ सालच्या डिक्शनरीत हा शब्द काढला. तिथे त्याचं स्पेलिंग सी-एल-ई-डब्ल्यू असं आहे आणि अर्थ दिलाय सुताचा गुंडा. वाट दाखवणारी खूण हा अर्थ त्याच्यानंतर येतो, आणि त्याचं कारणही जॉन्सननं तिथल्या तिथे सांगितलंय: भुलभुलय्यात शिरलेला माणूस सुताचा गुंडा उलगडत आत जातो आणि त्याच सुताला धरून बाहेर येतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलो. आजोबा गिरणीत होते, वडिलांचे घरातच दोन यंत्रमाग. गुंडा, कांडी (सूत गुंडाळलेली नळी), धोटा (मागावर आडवा धागा नेणारं अवजार) हे शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून येत होते. मराठीतले धागेदोरे आणि इंग्रजीतला क्लू एकाच सुताचे निघाले, तेव्हा इतकी वर्षं मनात बसलेली इंग्रजीची भीती जरा सैल झाली. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: इंग्रजी खोलात शिकायची असेल तर शब्दाचा नुसता अर्थ पाहून भागत नाही, शब्दाचं आयुष्य वाचावं लागतं. ते आयुष्य जुन्या डिक्शनऱ्यांत नोंदलेलं आहे, आणि त्या आज फुकट मिळतात. कुठून सुरुवात करायची, एवढंच कुणी सांगत नाही. ते इथे सांगतो.

आधी एक अट

जुनी डिक्शनरी एकटी वापरायची नाही. शेजारी एक नवी हवीच, मोबाइलवरची असली तरी चालेल. क्रमही ठरलेला ठेवा: आधी नवी, मग जुनी, आणि लिहायला बसताना पुन्हा नवी.

ही अट एका मुलीच्या निबंधामुळे माझ्या डोक्यात पक्की झाली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, कष्टाळू मुलगी. दुष्काळात गावोगाव फिरून लोकांशी बोलणाऱ्या एका अधिकाऱ्याबद्दल तिनं लिहिलं होतं, की त्याचं ‘कन्डिसेन्शन’ सगळ्यांना भावलं. जुन्या डिक्शनरीप्रमाणे ती बरोबर होती. नोहा वेब्स्टरच्या १८२८ च्या डिक्शनरीत या शब्दाचा अर्थ आपला मोठेपणा बाजूला ठेवून लहानांशी आपुलकीनं वागणं, असाच आहे. आज मात्र त्याचा अर्थ आहे समोरच्याला कमी लेखून वरच्या पट्टीतून बोलणं. तिनं कौतुक लिहिलं आणि वाचणाऱ्याला ते निंदा वाटलं. जुन्या डिक्शनरीतला अर्थ वाचण्यासाठी आणि विचार करण्यासाठी आहे. आजच्या अर्जात, निबंधात तो उचलून ठेवायचा नाही.

कोणती घ्यायची

नवख्या माणसानं वेब्स्टरच्या १९१३ च्या आवृत्तीपासून सुरुवात करावी. नोहा पोर्टर यांनी संपादित केलेल्या आधीच्या आवृत्तीवर ती उभी आहे. भाषा स्वच्छ, अर्थ नेमके, उदाहरणं नामवंत लेखकांच्या वाक्यांची. स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे ती नेटवर पूर्ण मिळते. आधी ती, बाकीच्या सवडीनं.

दुसरी जॉन्सनची. जॉन्सननं मोजक्या लेखनिकांना हाताशी धरून सुमारे ४२,००० शब्दांचा हा कोश केला आणि शब्दांचे अर्थ दाखवायला लेखकांच्या वाक्यांची सुमारे १,१४,००० अवतरणं दिली. अर्थ नुसता सांगायचा नाही, वापरून दाखवायचा, ही पद्धत इंग्रजीत त्यानंच एवढ्या मोठ्या प्रमाणावर रुजवली. त्याच्या व्याख्या वाचणं हाच लेखनाचा धडा आहे. इतक्या थोड्या शब्दांत इतकं नेमकं लिहिणारा माणूस विरळा.

तिसरी, आणि सगळ्यात खोल, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची पहिली आवृत्ती. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं १८५७ मध्ये कल्पना मांडली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. मुख्य संपादक जेम्स मरे १९१५ मध्ये वारले, त्यांना शेवट पाहायला मिळाला नाही. हजारो वाचकांनी पुस्तकं वाचून, वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून टपालानं पाठवली, आणि त्या चिठ्ठ्यांवरून चार लाखांवर शब्दांचा इतिहास लिहिला गेला. इथे प्रत्येक वाक्याला साल आहे. शब्द कधी जन्मला, कधी वळला, कधी थकला, सगळं दिसतं. पण पहिल्याच आठवड्यात हिच्यात शिरू नका. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत पहिल्यांदाच गेलेल्या पोरासारखं होतं, काय पाहायचं तेच कळत नाही.

व्युत्पत्तीसाठी स्कीट यांचा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा कोश चांगला. विज्ञान आणि कारागिरीच्या शब्दांसाठी १८८९ ते १८९१ मध्ये निघालेली अमेरिकन सेंच्युरी डिक्शनरी पाहा, तिच्यातली चित्रं फार सुरेख आहेत. हॉब्सन-जॉब्सन आणि मोल्सवर्थ यांच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो. ते दोन आपल्या अंगणातले आहेत.

मिळवायची कशी

इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर यांतल्या बहुतेक डिक्शनऱ्या जशाच्या तशा स्कॅन केलेल्या आहेत. वेब्स्टर १९१३ प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरही आहे. जॉन्सन आणि वेब्स्टर १८२८ यांच्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळं आहेत, तिथे शब्द टाइप केला की नोंद समोर येते. मोल्सवर्थ आणि हॉब्सन-जॉब्सन शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात शोधता येतात.

तरी माझा आग्रह आहे, की निदान आठवड्यातून एकदा पान उलटून पाहा. टाइप करून शोधलं की एकच शब्द मिळतो. पान उघडलं की त्याचे शेजारीही दिसतात, आणि अर्धी गंमत त्या शेजाऱ्यांत असते. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन संदर्भ विभागात विचारा. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातही विचारा. जाडजूड कोश सहसा घरी देत नाहीत, तेव्हा वही घेऊन तिथेच बसायची तयारी ठेवा.

रद्दीच्या दुकानातही कधीकधी घबाड हाती लागतं. पण तिथे घाई करू नका. मी एकदा सुंदर कातडी बांधणीची एक इंग्रजी डिक्शनरी घेऊन आलो आणि घरी आल्यावर कळलं, की एस अक्षराची चाळीसेक पानं गायब आहेत. इंग्रजीत सगळ्यात जास्त शब्द एसपासून सुरू होतात, म्हणजे नेमका मधला गाभाच गेला होता. तेव्हापासून दुकानात उभ्या उभ्या एस आणि सी ही दोन अक्षरं पूर्ण चाळतो. मग मुखपृष्ठाच्या आतल्या पानामागे छापलेलं साल पाहतो. पुनर्मुद्रणाचं साल नवं असलं तरी मजकूर चाळीस वर्षं जुना असू शकतो. याची एक सोपी परीक्षा आहे: ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढा. जॉन्सनच्या डिक्शनरीतही हा शब्द आहे, पण तिथे तो हिशेब करणारा माणूस आहे. तुमच्या हातातल्या प्रतीत तो माणूस आहे की यंत्र, यावरून मजकूर कुठल्या काळातला हे लगेच कळतं.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात जुना कागद कुरकुरीत होतो. पुस्तक कपाटातून पाठीच्या वरच्या टोकाला धरून ओढू नका, दोन्ही बाजूंनी मध्यावर धरा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरासकट निघते.

खुणांची ओळख

डिक्शनरी उघडल्यावर लोक थेट शब्दाकडे जातात. पहिले दोन दिवस मात्र प्रस्तावना आणि संक्षेपांची यादी यांना द्या. जॉन्सनची प्रस्तावना तर भाषेवर प्रेम असणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. भाषेला जागच्या जागी थांबवता येईल या आशेनं आपण सुरुवात केली आणि शेवटी ते अशक्य आहे हे पटलं, असं तो मोकळेपणानं लिहितो.

संक्षेप काळाप्रमाणे बदलतात. जॉन्सनकडे नामाला एन-एस, सकर्मक क्रियापदाला व्ही-ए आणि अकर्मकाला व्ही-एन असं लिहिलेलं दिसेल. ऑक्सफर्डच्या पहिल्या आवृत्तीत नामाला एस-बी आणि विशेषणाला नुसता ए आहे. शब्दाआधी छोट्या खंजिरासारखी खूण असेल तर तो शब्द किंवा अर्थ वापरातून गेलेला. दोन उभ्या समांतर रेघा असतील तर तो इंग्रजीत अजून पुरता मुरलेला नाही, पाहुणाच आहे. आपल्याकडून गेलेल्या कितीतरी शब्दांपुढे या रेघा आहेत.

जॉन्सनची मूळ छपाई वाचताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. एक, शब्दाच्या सुरुवातीचा किंवा मधला एस लांब काढलेला असतो आणि तो एफसारखा दिसतो. शब्द विचित्र वाटला की तिथे एस घालून पाहा. संगणकानं वाचलेल्या मजकुरातही हीच गफलत असते, म्हणून शोध घेताना शब्द सापडला नाही तर एसच्या जागी एफ टाकून बघा. दोन, आय आणि जे ही अक्षरं एकत्र लावली आहेत, तसंच यू आणि व्ही. तेव्हाच्या वर्णक्रमात त्यांची जोडी एकच धरत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या रोजच्या विद्यार्थी-डिक्शनरीत सगळ्यात जास्त वापरातला अर्थ आधी येतो. जुन्या डिक्शनऱ्यांत बहुतेक वेळा सगळ्यात जुना किंवा मुळाजवळचा अर्थ आधी येतो. म्हणून पहिला अर्थ वाचून पुस्तक मिटलंत तर फसगत झालीच. ‘प्रिव्हेंट’ घ्या. आज अर्थ आहे रोखणं. जॉन्सनकडे सुरुवातीचा अर्थ आहे वाट दाखवायला पुढे जाणं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच मुळी आधी येणं. जो आधी पोचतो तो वाट दाखवू शकतो आणि वाट अडवूही शकतो, एवढं मनात आलं की दोन्ही अर्थ एका ओळीत बसतात. नोंद वरून खालपर्यंत वाचायची आणि एका अर्थावरून दुसऱ्यावर माणूस कसा गेला असेल याचा विचार करायचा. सगळं कौशल्य याच्यातच आहे.

एक शब्द, एक संध्याकाळ

पद्धत एकदा हातानं करून दाखवतो. सुरुवातीचा क्लूच घेऊ.

दोनशे पानी वही घ्या, एका शब्दाला एक पूर्ण पान. डाव्या बाजूला वर शब्द लिहा आणि त्याखाली, डिक्शनरी उघडण्याआधी, तुम्हाला माहीत असलेला अर्थ मराठीत लिहा. ‘सुगावा, पुरावा, इशारा.’ ही ओळ नंतर खोडायची नाही.

मग नवी डिक्शनरी पाहा आणि आजचा अर्थ नक्की करा. इथे लगेच कळेल, की आपला ‘पुरावा’ हा शब्द जास्त जड होता. क्लूनं दिशा कळते, गुन्हा सिद्ध होत नाही.

आता वेब्स्टर १९१३. सी-एल-यू-ई पाशी गेलात तर तिथे सुताचा गुंडा आणि वाट दाखवणारं सूत असा अर्थ देऊन सी-एल-ई-डब्ल्यूकडे पाठवलेलं दिसेल. तिकडे जा. कोशानं दुसरीकडे पाठवलं की जायचंच, ही सवय लावा. आळस केलात तर निम्मी माहिती मागे राहते. तिथे गुंडा, मग संशयाच्या जागी मार्ग दाखवणारी गोष्ट, आणि मग जहाजाच्या शिडाचा खालचा कोपरा असे अर्थ भेटतात. शिडाचा कोपरा मध्येच कुठून आला, असं वाटेल. तो आज लागणार नाही, तरी वहीत एका ओळीत टिपून ठेवा.

मग जॉन्सन. त्याच्या नोंदीत एक विचित्र शब्द आहे. सूत कशावर गुंडाळलेलं, तर ‘बॉटम’वर. बॉटम म्हणजे तळ, मग तळावर सूत कसं गुंडाळणार? इथे थांबा आणि त्याच डिक्शनरीत बॉटम काढा. बऱ्याच अर्थांच्या खाली सापडतं, की गुंडाळलेल्या सुतालाही बॉटम म्हणत. आपल्या कांडीचाच भाऊबंद. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेजारच्या खोलीत माग चालू होता. उठून कांडी हातात घेऊन पाहिली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या विणकराच्या हातातही असंच काहीतरी असणार. असा शब्द पुन्हा विसरला जात नाही, पाठही करावा लागत नाही.

उजव्या बाजूला आता चार गोष्टी लिहा. सगळ्यात जुना अर्थ. तो कसा बदलला, आपल्या शब्दांत, दोन ओळींत. मराठीतलं त्याच चालीचं काही असेल तर ते, इथे ‘धागेदोरे’. आणि शेवटी आजच्या अर्थानं तुमची स्वतःची दोन इंग्रजी वाक्यं, सोलापूरच्या रोजच्या जगण्यातली. पुस्तकातली वाक्यं उतरवू नका. ‘आय हॅव नो क्लू व्हाय द पॉवर वेंट ऑफ’ एवढं साधं वाक्यसुद्धा तुमचं असेल तर तुमच्याजवळ राहतं.

एका शब्दाला पाऊण तास लागतो. आठवड्याला चार शब्द पुरेत. रोज पन्नास शब्द पाठ करणाऱ्यांची घाई मला समजते, परीक्षा डोक्यावर असते. पण वर्षाअखेरीस असे दोनशे शब्द मुळापासून माहीत असलेला माणूस अनोळखी शब्दांपुढेही बिचकत नाही, हे मी माझ्यासमोर बसलेल्या मुलांत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एका शब्दामागे गोतावळा

नोंदीच्या सुरुवातीला चौकटी कंसात व्युत्पत्ती असते. सुरुवातीला ती सोडून द्यावीशी वाटते. महिनाभरानंतर मात्र तिथूनच सुरुवात करा.

‘टेक्सटाइल’ हा शब्द आपल्या शहरात शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत आहे. त्याची व्युत्पत्ती पाहा: लॅटिन ‘टेक्सेरे’, म्हणजे विणणं. आता त्याच मुळाचे इतर शब्द शोधा. ‘टेक्स्ट’ म्हणजे शब्दांनी विणलेलं. ‘टेक्स्चर’ म्हणजे वीण, पोत. ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेलं, म्हणून आजूबाजूचा संदर्भ. ‘प्रीटेक्स्ट’ म्हणजे पुढे विणून धरलेला पडदा, म्हणून सबब. एका मुळावर पाच शब्द उलगडले, आणि ‘आउट ऑफ कॉन्टेक्स्ट’ म्हणजे वाक्य आपल्या विणीतून उसवून काढणं, हेही कळलं. ‘सटल’ या शब्दाचं मूळ लॅटिन ‘सब्टिलिस’, आणि त्यातही मागावरच्या कापडाचा शब्द दडलाय असं मानतात. बारीक, तलम. आपणही विनोदाला, विचाराला तलम म्हणतो.

या ‘सटल’मधला बी उच्चारला जात नाही. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ आणि ‘डाउट’ यांतलाही नाही. शाळेत या न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांनी आपल्याला फार छळलंय. जुन्या डिक्शनरीत त्याचं कारण सापडतं. हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत बी नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिन मुळाची आठवण म्हणून स्पेलिंगमध्ये बी घातला, लोकांनी उच्चार मात्र बदलला नाही. ‘आयलंड’मधला एस तर चुकीनं आलेला. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, त्यात एस कधीच नव्हता, लॅटिनवरून आलेल्या ‘आइल’शी नातं आहे असं समजून तो चिकटवला गेला. हे कळल्यावर मुलांचं स्पेलिंगशी भांडण मिटतं. माझ्याकडे येणारा एक सहावीतला मुलगा तेव्हापासून ‘डेट’मधला बी कधीच विसरत नाही.

आपल्या अंगणातून गेलेले शब्द

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये हॉब्सन-जॉब्सन नावाचा कोश काढला. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा हा कोश. १९०३ मध्ये विल्यम क्रुक यांनी त्याची वाढीव आवृत्ती केली. नावाचीच कथा पाहा: मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा पुकारा गोऱ्या शिपायांच्या तोंडी मोडून ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला.

सोलापूरकरांनी यात आधी ‘टँक’ पाहावा. १८८४ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याचा आहे. त्यात आपल्या एकरूखच्या तलावाला टँक म्हटलंय. आजचा वाचक छपरावरची टाकी समजून गोंधळतो. हॉब्सन-जॉब्सनमध्ये दोन्ही धागे दिलेत: आपल्याकडचा ‘टाकं’ आणि पोर्तुगीज ‘तांक’. दोन वाटांनी आलेले शब्द एकमेकांत मिसळले आणि इंग्रजीत तलावाला टँक रूढ झालं. गडावरचं पाण्याचं टाकं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

‘गनी बॅग’ म्हणजे आपली गोणी. ‘चिंट्झ’ म्हणजे छींट, मराठीतलं चीट. इंग्रजांनी ‘चिंट्स’ असं अनेकवचन केलं आणि पुढे त्यालाच एकवचन समजून बसले. ‘डंगरी’ हे जाड्याभरड्या कापडाचं नाव, त्याचं नातं मुंबईच्या डोंगरीशी जोडतात. कापडाच्या पेठेत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला या कोशातली पाच पानं वाचून दाखवा आणि तो काय काय आठवून सांगतो ते ऐका. मी आजोबांसाठी हे करू शकलो नाही, त्याची खंत आहे.

उलट बाजूनं जाण्यासाठी मोल्सवर्थ. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द सुमारे साठ हजारांवर गेले. कामात त्यांच्याबरोबर जॉर्ज आणि थॉमस कँडी होते. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय ज्यांना देतात तेच हे मेजर थॉमस कँडी. इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये त्यांनीच पुरा केला. मोल्सवर्थचा उपयोग असा करा: खमंग, ओशाळणं, तलम, असे ज्यांना इंग्रजीत एका शब्दाचा जोडीदार नाही ते शब्द निवडा. आधी स्वतः इंग्रजीत समजावून लिहा, मग कोश उघडून पाहा. जिथे एक शब्द पुरत नाही तिथे मोल्सवर्थ चार शब्द शेजारी शेजारी ठेवतात आणि मधली जागा बरोबर भरते. इंग्रजीत वर्णन करायला शिकवणारा याहून चांगला शिक्षक मला मिळालेला नाही. आणि आपल्या शहरात कितीतरी घरांत कन्नड किंवा तेलुगू बोलतात. त्यांनी हाच सराव किट्टेल यांच्या १८९४ च्या कन्नड-इंग्रजी कोशावर किंवा सी. पी. ब्राउन यांच्या तेलुगू-इंग्रजी कोशावर करावा.

पाय घसरतो त्या जागा

जुनं म्हणजे बिनचूक नव्हे. वेब्स्टर १८२८ च्या व्याख्या उत्तम आहेत, व्युत्पत्ती मात्र विश्वासार्ह नाही. सगळ्या भाषा बायबलमधल्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या या समजुतीवर त्यानं बरीच मुळं लावली होती, आणि १८६४ च्या आवृत्तीत ती बदलावी लागली. जॉन्सनची व्युत्पत्तीही ठिकठिकाणी कच्ची आहे. मूळ पाहायचं तर स्कीट किंवा ऑक्सफर्ड.

मोठ्या कोशांतही चुका राहतात. वेब्स्टरच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा, जगात नसलेला शब्द छापला गेला. घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी वापरतात, अशी चिठ्ठी होती. ‘डी ऑर डी’ हे सलग वाचलं गेलं आणि शब्द तयार झाला. चूक १९३९ मध्ये लक्षात आली. ऑक्सफर्डच्या पहिल्या भागांत ‘अपेंडिसायटिस’ घेतला नव्हता, फार तांत्रिक वाटला म्हणून. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्याच दुखण्यामुळे पुढे ढकलला गेला आणि शब्द घरोघर पोचला. म्हणून कोशात शब्द नाही म्हणजे भाषेत नाही, असं कधी म्हणू नका.

कोश लिहिणाऱ्याचा काळही त्याच्या व्याख्यांत उतरतो. हॉब्सन-जॉब्सन वाचताना लिहिणारा राज्यकर्त्यांपैकी आहे, हे ध्यानात ठेवा. आपल्या माणसांबद्दलची काही वाक्यं मनाला लागतात. ती वगळू नका, वहीत शेरा लिहून पुढे जा.

आणखी एक मोह असतो, तो हुशार मुलांना जास्त. जुना अर्थ सापडला की तोच खरा, आजचे लोक चुकीचं बोलतात, असं वाटायला लागतं. ‘नाइस’ लॅटिनमधून निघाला तेव्हा अर्थ होता अजाण. मग मूर्ख, मग चोखंदळ, मग बारीक आणि काटेकोर, आणि आता छान. जॉन्सनकडे तो काटेकोरपणाच्या मुक्कामावर भेटतो. यातला कुठलाच अर्थ खोटा नाही. ज्या काळातलं पुस्तक हातात असेल त्या काळाचा अर्थ लावायचा.

पहिल्या महिन्यासाठी

नवख्यांनी आपल्या हाताला ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात करावी, म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी मागाचेच शब्द देतो. पहिल्या आठवड्यात क्लू, टेक्स्ट, सटल, वेब. दुसऱ्यात ‘स्पिन्स्टर’, म्हणजे सूत कातणारी बाई, जिचा पुढे अविवाहित स्त्री असा कायद्यातला अर्थ झाला. ‘शॉडी’, म्हणजे जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून पुन्हा केलेलं कापड, म्हणून आज निकृष्ट काम. ‘टेंटरहूक्स’, धुतलेलं कापड ताणून वाळवायच्या चौकटीचे आकडे, म्हणून जीव टांगणीला लागणं. ‘बॉम्बास्ट’, म्हणजे कपड्यात भरायचा कापूस, म्हणून आज फुगवलेलं, पोकळ बोलणं. तिसऱ्या आठवड्यात हॉब्सन-जॉब्सनमधून तुमच्या घरातले चार शब्द तुम्हीच शोधायचे.

चौथ्या आठवड्यात ‘एअरलूम’ आणि ‘शटल’. एअरलूममधला लूम जुन्या इंग्रजीत नुसता माग नव्हता, कुठलंही हत्यार किंवा अवजार होतं. म्हणजे वारसानं आलेलं अवजार. शटल तर आपला धोटाच. त्याचं जुन्या इंग्रजीतलं रूप फेकून मारायच्या भाल्याशी, बाणाशी जोडलेलं आहे, ‘शूट’च्या घरातलं. हा शब्द वहीत लिहिण्याआधी एखाद्या हातमागाजवळ जाऊन पाच मिनिटं उभे राहा. धोटा या हातातून त्या हाताकडे सुटताना पाहा. मग घरी येऊन नवी डिक्शनरी उघडा आणि दोन ठिकाणांमध्ये सतत ये-जा करणाऱ्या गाडीला शटल का म्हणतात ते तुमच्या शब्दांत लिहा.